दिंद्रुडच्या अप्पांचा साधा ब्लॉग

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होतो. उरलेली पिशवीत कोंबली आणि दिंद्रुडची गाडी धरली... त्याला आता महिना होत आला.

शिवलिंगअप्पांचं कापडाचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, कोपऱ्यात टेलिफोनचा बूथ आणि नवा घेतलेला कॉम्प्युटर. आमची ओळख नळाच्या भांडणातली. कागदावर नळाला रोज पाणी, आणि गावातला नळ कोरडा! मोर्चा नेला की पाणीपुरवठ्याचे साहेब विचारणार, “पाणी कधी आलं नाही ते सांगा.” जसं काही यांच्या घरी नळच नाहीत. अप्पांनी ठरवलं, पाणी आलं की नाही ते रोज इंटरनेटवर लिहायचं, खाडा म्हणून पडू द्यायचा नाही. खाडा पडला की साहेब म्हणणार, त्या दिवशी सोडलं होतं.

मी नेहमीसारखा पेटलो. ब्लॉगसाठी भारीतलं सॉफ्टवेअर काढलं: फिरत्या पट्ट्या, फोटो, वाचकांचं मतदान. पान उघडेस्तोवर अप्पांचा चहा पिऊन झाला.

“हे कावून पाहिजे बे?”

“अप्पा, जगानं बघितलं पाहिजे!”

“जग बघंल. आधी आपल्या दुकानात तर उघडू दे. तू मांडव घालायलास, मला नुस्ता फळा पाहिजे.”

दुकानात नवा माल काकूंनी हाताळल्याशिवाय घ्यायचा नाही, ही अप्पांची रीत. इथंही तीच. काकूंना खुर्चीत बसवलं.

“बाई गं, किती बटणं! इमान हाय का काय हे?”

मग एक फुकटातलं, अगदी साधं उघडलं. लिहायला एक चौकोन, खाली एक बटण. नवं आपोआप वर, जुनं खाली. काकूंनी अक्षरं शोधत शोधत ‘पाणी न्हाई’ लिहिलं, बटण दाबलं, पानावर उमटलंसुद्धा.

“हेच ठेव,” अप्पा म्हणाले. “मी पडलो तर ही लिहील.”

मी फणफणत गाडीला गेलतो. पण वर्षभरात साहेबांचाच दुकानात फोन, “अप्पा, आज काय लिहिताय?” अप्पा गालात हसत म्हणाले, “नळ सोडा, मग बघा.” नळ सुटायला लागला. रोज नाही, पण सुटायला लागला!

त्या दिवशी अप्पांच्या मातीहून परतलो तेव्हा घर बायामाणसांनी भरलेलं. आज साहेबांना आयता खाडा मिळणार, या एका रागानं मी दुकानात जाऊन पान उघडलं. सगळ्यात वर त्याच दिवसाची तारीख होती, आणि खाली काकूंची ओळ...

‘सकाळी पाणी आलं. ह्यांची आंघोळ त्याच पाण्यानं झाली.’