झडप आणि जपानी काढा

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी जर्मनीत कार्ल्सरूहेला बातमीदार होतो. माझ्या खोलीत सांगलीचा एक विद्यार्थी राहत असे. लहानपणीच्या सांधेतापाने त्याच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. जिना चढताना तो मध्येच थांबे. इस्पितळाने शस्त्रक्रिया सुचवली होती. त्याला ती टाळायची होती.

त्याच्या प्रयोगशाळेतल्या जपानी सहकाऱ्याने त्याला वाळलेल्या मुळ्या-सालींच्या पुड्या आणून दिल्या. मला तो माणूस खटकला. पुड्या फुकट देत होता, म्हणून जास्तच.

"यात काय आहे?" मी मित्राला विचारले.

"ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी. बाकीचं ओळखत नाही."

"आणि त्याने झडप उघडणार?"

"बातमीदारी इथे नको. आमच्याकडे तीन पिढ्या वैद्यकी आहे."

घरच्या रीतीने तो काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवी. एवढ्याने पेला भरेना, म्हणून एकदम तीन पुड्या टाकू लागला. घरमालकीण दारातून विचारी, "आज कुणाचे बूट शिजतायत?"

थोड्याच दिवसांत त्याचे पाय सुजले. "दोष बाहेर पडतायत," तो म्हणाला. इस्पितळात आता जायचं नाही, हेही त्याने ठरवून टाकले.

मी प्रयोगशाळेत जाऊन जपान्याला गाठले आणि सगळे सांगितले. तो जर्मनमध्ये सावकाश बोलला.

"तीन पुड्या? एक, आणि पाणी अर्धं झालं की काढा उतरवायचा."

"झडपेवर औषध म्हणून दिलंत ना?"

"हातपाय गार पडतात म्हणाला, म्हणून दिलं. झडपेचं सर्जनला विचारा, असं सांगितलं होतं."

दोघांच्या हकिगती जुळत नव्हत्या. कुणावर विश्वास ठेवावा ते कळेना. मी जपान्याला खोलीवर घेऊन आलो.

"मी काय म्हटलं होतं?" त्याने मित्राला विचारले.

मित्र पलंगावर पाय वर घेऊन बसला होता. "तुमच्या वडिलांना गुण आला, म्हणालात."

"त्यांचे हात गार पडायचे. हृदय ठणठणीत होतं."

मित्राने पाय पलंगावरून खाली सोडले. मग त्याने मला कोट मागितला. पाय बुटांत शिरेनात. चपला घालूनच तो आम्हा दोघांबरोबर निघाला.

इस्पितळात डॉक्टरांनी उरलेली पुडी उघडून हुंगली. ज्येष्ठमध जास्त झाल्याने अंगात पाणी साठले असावे, असे ते म्हणाले. काढा बंद करायला सांगितला आणि सूज उतरल्यावर शस्त्रक्रिया करायची का, ते विचारले.

मित्राने माझ्याकडे नव्हे, जपान्याकडे पाहिले. जपान्याने मान डोलावली.

"करा मग," मित्र म्हणाला.