स्लॅबच्या आधीची यादी

स्लॅब भरायच्या आधी साइटवर एक यादी भरावी लागते. सळ्या नीट बांधल्या का, टेकू घट्ट आहेत का, पाइप जागेवर आहेत का, असे तीसेक प्रश्न. प्रत्येकापुढे टिक करायची आणि खाली इंजिनीअरने सही ठोकायची. इंजिनीअर म्हणजे अस्मादिक. खरं सांगतो, मी टिक करायचोच नाही. वरपासून खालपर्यंत एकच लांब रेघ ओढली की झालं! सगळेच करतात हो.

लालबागला एका चाळीच्या जागी आमची इमारत उभी राहत होती. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबला नारळ फोडायचा मान चाळीतल्या सगळ्यात वयस्कर आजींना दिला होता. आजी आल्या त्या अंबाड्यावर हेल्मेट चढवून आणि पिशवीत इथल्या आपल्या नव्या घराचा नकाशा घेऊन. खाली काँक्रीटची गाडी घरघरत होती, फोनवर साहेब तापले होते आणि माझी रेघ कधीच ओढून झाली होती. मी आजींना म्हटलं, फोडा पटकन.

पण त्यांना आधी आपली खोली बघायची होती. सळ्यांवर टाकलेल्या फळ्यांवरून त्या नकाशा धरून फिरल्या. इथे दार, इथे ओटा, इथे मोरी. मग थबकल्या. शेजारच्या घरात संडासाच्या जागी, स्लॅबमध्ये भोक राहावं म्हणून, पाइपाचा तुकडा उभा केलेला होता. यांच्या घरात काहीच नव्हतं.

"झिला, माझो संडास खंय?"

यादीत पाइपांच्या प्रश्नावरून माझी रेघ ऐटीत गेली होती. इतकी लाज मला दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती. प्लंबरला बोलावलं, तर त्याला वेळ हवा होता, आणि तोवर गाडीतलं काँक्रीट घट्ट झालं असतं. मग मी आजींना गूळ लावायला गेलो. आज भरून घेऊ, नंतर भोक पाडून देतो, तुम्हाला कळणारही नाही.

आजी नारळ पोटाशी धरून तिथेच उभ्या राहिल्या. रागावल्याही नाहीत.

"लग्न होऊन आले तेव्हापासून चाळीच्या संडासाबाहेर रांगेत उभी राहत आले मी. आज तुझी गाडी उभी राहू दे."

मी साहेबांचा फोन कापला आणि गाडी परत पाठवली. मग यादीचा नवा कागद घेऊन आजींच्या मागून एकेका घरात गेलो. आणखी दोन घरांतले संडास सापडले नाहीत.