आत्याचं भूत

मरोळच्या गावठाणातल्या आमच्या जुन्या घरात आत्याचं भूत आहे, ही आवई माझ्या चुलतभावाने उठवली. आत्या अंथरुणाला खिळली होती तेव्हा हा सांताक्रूझहून एकदाही फिरकला नाही. ती गेल्यावर मात्र तिला भूत करून मोकळा झाला. घराचे वाटेकरी आता दोनच, तो आणि मी. मी घाबरून हक्क सोडला की बिल्डरला बोलवायचं, एवढा साधा डाव. माझी आई खरोखरच घाबरली. "दे गं सही, नको ते घर," म्हणून रोज मागे लागायची.

मला सूड हवा होता. जिने गल्लीतल्या अर्ध्या पोरांना खाऊ घातलं, तिच्या दारावरून लोक आता छातीवर क्रूस काढत जात होते. त्याचा राग माझ्या डोक्यातून जाईना.

एका रविवारी आई आणि मी चर्चमधून मिस्सा आटोपून आलो, तर हा भुतं शोधणारं एक जोडपं घेऊन हजर. हातात लुकलुकणारी यंत्रं. स्वयंपाकघर झालं, मधली खोली झाली, यंत्रं ढिम्म. भावाचा चेहरा पडला.

"वर माळ्यावर बघा ना. तिथेच असते ती."

ते दोघं वर चढले. हा खाली, फळ्यांखाली तोंड वर करून उभा. वर त्यांनी जुनी पेटी सरकवली आणि याला शिंक आली. मग शिंकांवर शिंका, डोळ्यांतून धारा.

"गळा धरलाय गं कोणीतरी!"

वरून ती बाईही खोकत ओरडली, "इथे आहे काहीतरी!"

होतंच. दर मे महिन्यात आमच्याकडे बायका बाटली मसाला, म्हणजे बाटल्यांत भरून ठेवायचा वर्षाचा तिखट मसाला, कुटायला यायच्या. वाऱ्याने उडू नये म्हणून आत्या तो माळ्यावर चाळायची. फळ्यांच्या फटींत वर्षानुवर्षांचं तिखट बसलं होतं. वास उडाला होता, झोंबणं तेवढं उरलं होतं. भाऊ मे महिन्यात नेमका मामाकडे असायचा, त्याला काय कळणार!

मी सांगू शकले असते. त्याऐवजी म्हणाले, "आत्या विचारतेय, आजारपणात का नाही आलास?"

तो अनवाणी पळाला. त्या जोडप्याने गावभर केलं, बिल्डर बिचकला. पीडा पाठी लागू नये म्हणून भावाने स्वतःचाच हिस्सा माझ्या नावावर करून टाकला. मला वाईट वाटायला हवं होतं. अजिबात वाटलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात आई आणि मी पुन्हा मसाला घातला. नातेवाइकांच्या घरोघरी एकेक बाटली द्यायची आमची रीत. भावाची बाटली मी स्वतः घेऊन गेले.

"आत्यासारखाच माळ्यावर चाळलाय. जपून उघड हं, शिंका येतात."

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कळलं त्याला. मी चहालाही थांबले नाही.