नासपतीच्या लाकडातली चिमणी

आधी एक दुरुस्ती. इंग्लंडमधल्या लडलो गावावरच्या माझ्या मागच्या पोस्टमध्ये मी उर्सुलाच्या दुकानाला ‘जर्मन बेकरी’ म्हटलं होतं. ते चूक आहे. तिथे पाव मिळत नाही. जर्मनीत पाव करणारे वेगळे आणि केक-पेस्ट्री करणारे वेगळे. दोघांचं शिक्षण वेगळं, परीक्षाही वेगळी. माझं वाचून पाव आणायला गेलेले आणि चेरीचा केक घेऊन परतलेले स्लाउचे एक काका, त्यांची मी माफी मागते. (केक आवडला, असं त्यांनी कळवलंय.)

ही चूक उर्सुलानेच फोनवर हसत हसत दाखवली. मग म्हणाली, ऑक्टोबरमध्ये उजव्या मनगटाचं ऑपरेशन आहे. ख्रिसमसची साच्यातली बिस्किटं नोव्हेंबर लागायच्या आत दाबायला घ्यावी लागतात, ती यंदा होणार नाहीत. एक कॅफेवाला साचे मागतोय, भिंतीवर लावायला.

“देऊन टाकायच्या आधी एकदा येऊन बघ,” ती म्हणाली.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मी आणि केतकी रीडिंगहून निघालो. केतकी म्हणजे माझी बेसिंगस्टोकची मैत्रीण. न्यूपोर्टला गाडी बदलायची. बदलायला थोडा वेळ हाताशी ठेवाच, कारण पहिली गाडी हमखास लेट असते. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. न्यूपोर्टनंतर डाव्या बाजूला बसा, वेल्सचे डोंगर दिसतात.

“तू तुपाची वाटी कशाला घेतलीस गं?” केतकीने माझ्या पिशवीत डोकावून विचारलं.

“करंज्या नेतेय. वाटलं, तिला तूपही चाखवावं.”

“तीन तास प्रवास करून हलवायाच्या घरी मिठाई! धन्य आहेस.”

स्टेशनपासून दुकान चढावर आहे, चाकांची बॅग नको. चौकातला बाजार बघून घ्या. तिथलं चीज आणि प्लम छान असतात. केतकी तिथेच रमली, मी पुढे गेले.

उर्सुला स्टुटगार्टच्या बाजूची. तरुणपणी इथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आली, इथल्याच माणसाशी लग्न केलं, आता एकटी आहे. तिच्या टेबलावर हत्यारं नेहमी त्याच क्रमाने असतात: लांब बोथट सुरी, पीठ खरवडायची शिंगाची पट्टी, ब्रश आणि एक पितळी कातण. कातण बघून मी ओरडलेच. आमच्या घरी करंज्यांना हेच!

तिने करंजीची कड निरखली, मग खाल्ली. “कड चांगली आहे. कोणी शिकवलं?”

आईने. बाबांच्या सारख्या बदल्या व्हायच्या म्हणून पाचवीपर्यंत मला आईनेच घरी शिकवलं. अपूर्णांक पोळीवर आणि भूमिती शंकरपाळ्यांवर. त्यामुळे अजूनही काही करायच्या आधी मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघते, बरोबर आहे ना म्हणून.

त्या दिवशी बघितलं नाही.

उर्सुलाने साचे काढले. नासपतीच्या लाकडाचे, तळहाताएवढे, तिच्या आईचे. घर सोडताना आईने ते तिच्या लोकरी कपड्यांत गुंडाळून दिले होते. एकावर चिमणी होती, पिसन् पीस कोरलेलं. “हा बिस्किटांच्या पिठावर दाबून बघ,” ती म्हणाली आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेली.

मी काय केलं असेल? मोदकाच्या साच्याला लावतो तसा तुपाचा हात लावला. चांगला कानाकोपऱ्यातून.

“नाइन! नको!” दारातून तिचा आवाज आला.

या साच्याला फक्त कोरडं पीठ लावायचं असतं. तूप कोरीव कामात बसलं की तिथे मळलेलं पीठ चिकटतं आणि नक्षी बुजते. मी रडायच्या बेतात होते. तिने तूप शोषून घ्यायला कोमट कोरडं पीठ साच्यावर पसरलं आणि मऊ ब्रश माझ्या हातात दिला. तिच्या मनगटाला पट्टा होता. कोपऱ्यांपर्यंत तो हात वळेना. म्हणून ती दाखवत गेली आणि मी झाडत गेले. चिमणी जवळजवळ मोकळी झाली. एका पंखाचं लाकूड मात्र काळपट राहिलं.

“आई मलाही ओरडली असती,” ती म्हणाली. “आता दाब. अंगाचा भार नको, तळव्याचा.”

दाबलेली बिस्किटं रात्रभर वाळतात, मगच भाजायची. आम्ही जवळच एका घरगुती बी अँड बीमध्ये राहिलो. रविवारी सकाळी ट्रे निघाला: वर पांढरीशुभ्र नक्षी, खाली पसरलेल्या बडीशेपेचा वास. माझ्या चिमणीचा एक पंख पुसट.

“कॅफेवाल्याला काय सांगतेस?” केतकीने सरळ विचारलं. मला तर विचारायचं धाडसच होत नव्हतं.

उर्सुला माझ्याकडे बघत म्हणाली, “ही आली दाबायला, तर सांगते की भिंतीला दुसरं काहीतरी शोध.”

“मी? मी तुझा साचा खराब केला!”

“म्हणूनच. तू आता पुन्हा कधी तूप लावणार नाहीस. नवीन माणसावर मला पहिल्यापासून ओरडावं लागेल.”

घरी आल्यावर आईला फोन केला. “अगं बाई, तिच्या आईच्या साच्याला तूप?” आई हसतच सुटली. मग म्हणाली, “बोलावतेय ना ती? मग जा की.”

बिस्किटं डब्यात आहेत, सोबत सफरचंदाची फोड, म्हणजे हळूहळू मऊ होतात. रोज झाकण उघडून मी पुसट पंखाकडे बघते. दोन आठवडे ‘जमेल का’ यातच गेले. काल रजा टाकली, तिकीट काढलं आणि उर्सुलाला एका ओळीचा मेसेज केला. (व्हिसाचं विचारणाऱ्यांसाठी: माझं आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, झालंय.) तिचं उत्तर आलं, “कॅफेवाल्याला ‘नाही’ म्हणून सांगितलं. कोरडे हात घेऊन ये.”

शनिवार, ३१ ऑक्टोबर. सकाळची पहिली गाडी.