सोळा पानांची नक्कल

"सोळा पानं झाली," असं म्हणून बाई उठायच्या. चष्मा डबीत ठेवायच्या, पदर नीट करायच्या आणि हातातले कागद हिरव्या टॅगसकट पर्समध्ये टाकायच्या. तोवर महाडहून निघालेली आमची सकाळची गाडी पोलादपूरच्या स्टँडात वळलेली असायची. कधी वाटेत गाडी रखडली आणि सोळा पानं आधीच संपली, तर बाई खिडकीबाहेर बघत बसायच्या. सतरावं पान त्यांच्याजवळ नसायचंच. ते महाडला घरी, पत्र्याच्या डब्यात असायचं.

मी पोलादपूरला एका सरकारी कचेरीत नवा नवा कारकून म्हणून चिकटलो, तेव्हा बाई तिथलं रेकॉर्ड सांभाळत होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं बारीक, एकट्याच राहायच्या. आवाज असा, की साहेबसुद्धा फाइल मागायला स्वतः उठून जायचे. तुम्ही अशा कचेरीत काम केलं असेल तर तुम्हाला ही माणसं ठाऊक असतील. त्यांच्याशी कुणी भांडत नाही, कारण अडल्या वेळी जुना कागद तेच काढून देणार असतात.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना एक कोरं करकरीत पुस्तक फाडताना पाहिलं. मी पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरातला. हातातला घास डब्यात ठेवला.

"बाई, हे काय करताय?"

"फर्मे सुटे करते."

"अहो, पण पुस्तक आहे ते!"

"स्वस्त आवृत्ती आहे. हिचा डिंक आपल्याकडचा एक पावसाळा काढत नाही. पानं गळून हरवण्यापेक्षा मीच शिस्तीत सोडवते."

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात आणि प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक आकडा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. बाई त्या आकड्यावरून फर्मे वेगळे करायच्या, कोपऱ्यात टोच्यानं भोक पाडायच्या आणि फाइलीला ओवतात तो हिरवा टॅग ओवायच्या. सरकारी वस्तूचा गैरवापर म्हणावा तर टॅग त्या स्वतःच्या पैशानं आणायच्या. तसं म्हणायची संधी त्यांनी आम्हाला कधी दिली नाही.

जगातली आणि आपल्याकडची जुनी, नावाजलेली पुस्तकं बाई जमवायच्या, पण फक्त कागदी बांधणीची. "पुठ्ठ्याचे पैसे आपण का भरायचे? पुठ्ठा काय वाचता येतो?" असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्राच्या कागदावर छापलेल्या, अक्षर मुंगीएवढं, शाई बोटाला लागणारी अशा आवृत्त्या. मार्चमध्ये चवदार तळ्यावर लोक लोटतात, त्या दिवशी तळ्याभोवती पुस्तकांचे स्टॉल लागतात. बाई सकाळी सातला पिशवी घेऊन तिथे हजर असायच्या आणि दुपारी डोक्यावर ओला रुमाल ठेवून, दोन्ही हात भरून परतायच्या. एरवी वर्षभर प्रकाशकांना पोस्टकार्डं. 'अमुक पुस्तकाची स्वस्त आवृत्ती काढण्याचा विचार आहे काय? नसल्यास का नाही?' हे 'का नाही' वाचून एका प्रकाशकानं खरंच दोन पानी उत्तर धाडलं होतं.

महाडच्या त्यांच्या दोन खोल्यांत पुस्तकं दिसायची नाहीत. पुराचं पाणी कुठवर येतं हे भिंतीवरच्या डागानं कायमचं लिहून ठेवलेलं, म्हणून सगळे फर्मे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत घालून माळ्यावर चढवलेले. डब्याला लाल फीत, वर चिठ्ठी: पुस्तकाचं नाव, एकूण फर्मे, कुणाकडे कितवा गेला.

तो जायचा आमच्याकडे. आजचा फर्मा बाईंचा, उद्या तो माझा, परवा आमच्या शिपायाचा, म्हणजे गोविंदमामाचा. मामा जवळच्या तुडील गावचा. व्हरांड्यात स्टुलावर बसून ओठ हलवत वाचायचा आणि घरी नेऊन बायकोला वाचून दाखवायचा. त्यामुळे पुढच्या पानांची घाई कचेरीत कमी आणि तुडीलला जास्त असायची.

"बाई, पुढची पानां द्या गो. काल रातचं आमच्या घरात भांडान झालं. ती म्हणं, तो मेला. मी म्हणं, नाय मेला."

"सोळा पानं झाली ना? उद्या."

"तुम्हाला म्हायती हाय ना, पन?"

"मला माहीत असलं तरी सांगायचं नसतं, मामा."

पुढचं सांगायचं नाही, हा बाईंचा दुसरा नियम.

मग ती जाडी कादंबरी आली. परदेशी, मराठीत आणलेली, चांगली सातशे पानांची. एका मिठाच्या व्यापाऱ्याची तरुण मुलगी भांडून घर सोडते आणि बाप म्हातारा होत तिची वाट पाहतो, अशी गोष्ट. हिची स्वस्त आवृत्ती निघावी म्हणून बाईंनी किती कार्डं टाकली असतील कुणास ठाऊक. तळ्यावरच्या स्टॉलवर एकच प्रत सापडली, ती त्यांनी पदराखाली धरून आणली. दीड-दोन महिने आम्ही तिघं आणि तुडीलची मामी त्या मुलीच्या मागे गावोगाव फिरलो. शेवटचा एक फर्मा उरला आणि बाईंनी तो वाचायचा सोडून टेबलाच्या खणात ठेवून दिला. आठवडा गेला, दुसरा गेला.

शेवटी मी कारण विचारलं. रॅकवरची धूळ झटकत, माझ्याकडे पाठ करूनच बाई म्हणाल्या, "माझे वडील शिवथरला मास्तर होते. शाळा सुटली की ओट्यावर बसून मला हीच गोष्ट वाचून दाखवायचे. रोज सोळा पानं. सोळा झाली की उठायचं, हा त्यांचाच नियम. पुस्तक कुणाचं तरी मागून आणलेलं. शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. तेव्हा शेवट त्यांनी तोंडी सांगितला."

"काय सांगितला?"

"मुलगी परत येते. बाप दार उघडतो आणि विचारतो, 'जेवलीस का?'"

बाई वळल्या. "लहानपणी किती वर्षं मी त्या एका वाक्यावर खूश होते. मोठी झाले तेव्हा शंका यायला लागली. अरे, 'जेवलीस का' हे आमच्या घरातलं बोलणं. परदेशातला मीठवाला असं कशाला विचारेल? वडिलांनी आधी कुठे पुरं पुस्तक वाचलेलं होतं, की मला रडू येऊ नये म्हणून मनानं रचलं? विचारायचं राहिलं. ते गेले."

"मग वाचा ना. खणातच आहे."

"वाचीन. एवढी घाई नाही."

मला मात्र होती. मी चोवीस वर्षांचा, अधीर माणूस. एका दुपारी बाई साहेबांबरोबर तपासणीला गेल्या होत्या. मी खण उघडला, फर्मा काढला आणि माझ्या टेबलावर एका जमिनीच्या तंट्याच्या फाइलीत ठेवून वाचायला लागलो. दोन पानं झाली असतील, दारात साहेबांचा आवाज आला; बाईंना तिथेच ठेवून ते आधी परतले होते. मी फाइल मिटली. "ती फाइल आजच्या टपालात जिल्ह्याला गेली पाहिजे," साहेब म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. घाबरून मी आपलं नेहमीचं काम केलं. लाल पेन्सिल घेतली आणि पानांवर आकडे घालत सुटलो. एकशे चाळीस पानं तंट्याची. एकशे एक्केचाळीस ते एकशे छप्पन्न मिठाच्या व्यापाऱ्याची. हिरवा टॅग तोच, कागदाचा रंगही साधारण तोच. दोरा घातला, गाठ मारली. साहेबांच्या देखत मध्येच सोळा पानं उपसून काढायची माझी छाती झाली नाही.

संध्याकाळच्या गाडीत मी बाईंना सगळं सांगितलं.

"आकडे घातलेस?"

"हो."

"लाल पेन्सिलीनं?"

"हो."

"मग झालं. आता तो सरकारी कागद."

त्या दिवशी त्यांच्या हातात दुसऱ्याच पुस्तकाचा फर्मा होता. तो त्यांनी उघडला नाही. महाड येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढे जिल्ह्याहून विचारणा आली: 'पृष्ठ १४१ ते १५६ चा प्रकरणाशी संबंध स्पष्ट होत नाही. खुलासा करावा.' खुलासा बाईंनीच लिहिला: 'सदर पाने अनवधानाने सामील झाली असून ती परत मिळावीत.' उत्तर आलं, 'पृष्ठांकित कागद संचिकेतून काढता येत नाहीत.' बाईंनी ते वाचलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. मी असते तरी हेच लिहिलं असतं." मी जिल्ह्याला जाऊन आलो, तर तंटा अपिलात आणि फाइल मुंबईला. प्रकाशकाला लिहिलं, तर प्रती संपलेल्या. महाडच्या वाचनालयातली जुनी प्रत कधीच्या पुरात गेलेली. आपल्या हातून गेलेली वस्तू अशी चहूबाजूंनी दारं लावून घेते, याचा अनुभव तुम्हालाही असेल.

मी फारच तोंड पाडून बसलो, की बाई म्हणायच्या, "अरे, सोड. वडिलांनी सांगितलेला शेवट आहे की माझ्याकडे. काय वाईट आहे?" गोविंदमामा मात्र सोडायचा नाही. "बाई, ती पोर घरला आली का नाय, त्याचं काय झालं?" बाई सांगायच्या, "मामा, सरकार तपास करतंय."

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना एक पुठ्ठ्याच्या बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक दिलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं, हसून म्हणाल्या, "आता हे कसं फाडू?" सकाळच्या गाडीत त्यांची खिडकीची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मी काही दिवस तिथे जाऊन बसत होतो, ते सोडलं. मग माझी बदली माणगावला झाली. दोनदा महाडला त्यांच्याकडे गेलो. चहा झाला, नवे डबे दाखवून झाले. त्या फाइलीचं नाव त्यांनी काढलं नाही. मला वाटलं, विसरल्या असतील, आणि खरं सांगतो, बरं वाटलं.

त्या गेल्या तेव्हा मी माणगावलाच होतो. आठ-दहा दिवसांनी कळलं. डब्यांचं काय झालं, ते त्यांच्या भाच्यानं शाळेला दिले की रद्दीत घातले, हे विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.

नंतर दोन वर्षांनी मी पोलादपूरला परत आलो, तो त्यांच्याच जागेवर. टेबल तेच, खण तोच. आणि त्याच हिवाळ्यात अपिलाचा निकाल लागून ती फाइल परत आली. मी ती लगेच उघडली नाही. आधी त्या प्रकरणाचे पडून राहिलेले अर्ज काढले, कारण रीत तशी आहे. त्यात नकलेचा एक अर्ज होता. अक्षर ओळखीचं.

'पृष्ठ १४१ ते १५६ ची नक्कल मिळावी.' खाली अर्जदार म्हणून बाईंची सही, पत्ता महाड. माझी माणगावला बदली झाल्यानंतर महिनाभरातली तारीख. नक्कल कशासाठी हवी, त्या रकान्यात लोक 'कोर्टकामी' लिहितात. बाईंनी लिहिलं होतं, 'वाचण्यासाठी'. समासात माझ्या आधीच्या कारकुनाचा शेरा, 'संचिका अपिलात. आल्यावर पाहू.' आणि मागे टाचलेली स्मरणपत्रं. पहिलं, दुसरं, तिसरं. दर मार्चला एक. तळ्यावर पुस्तकं घ्यायला जायच्या आधी टाकलेली असणार.

माझ्यासमोर दर वेळी "सोड" म्हणणाऱ्या बाई कचेरीला दर वर्षी लिहीत होत्या. मी डोकं टेबलावर टेकलं आणि रडलो. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर लोक दाखल्यांसाठी उभे होते.

अर्जदार मयत झाला की अर्ज निकाली काढायचा असतो. मी काढला नाही. झेरॉक्स करून आणली. पण नक्कल खरी ठरायला रुजवात लागते, म्हणजे एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून बघत जायचं. हे काम दोन कारकुनांचं. मी गोविंदमामाला बोलावलं. त्याचंही एकच वर्ष उरलं होतं, डोळ्यांवर जाड भिंग आलेलं. त्याला समोर बसवलं आणि लाल आकडा एकशे एक्केचाळीसपासून वाचायला सुरुवात केली. मामाचं बोट नकलेवरून सरकत होतं, ओठ हलत होते.

एकशे छप्पन्न संपलं. मी वर पाहिलं. मामाचं बोट शेवटच्या ओळीवरच होतं.

"सोळा पानां झाली," तो म्हणाला. आम्ही दोघंही उठलो नाही.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मामीला सांगू?"

"अजून नको," मी म्हटलं.

मी नकलेवर 'खरी नक्कल' लिहून सही-शिक्का केला, कोपऱ्यात भोक पाडून हिरवा टॅग ओवला आणि ती त्याच खणात ठेवली. अजून तिथेच आहे. वहीत 'नक्कल मिळाल्याची सही' हा रकाना तेवढा मोकळा आहे.

तो मीठवाला दारात येऊन काय विचारतो, ते आता मला माहीत आहे. इतका वेळ ऐकलंत, तेव्हा तुम्हालाही ते जाणून घ्यावंसं वाटणार, आणि तुम्हाला सांगायला माझी काही हरकत नाही. पण बाईंचा अर्ज आधीचा आहे. आधी त्यांना नक्कल द्यावी लागेल.