रिकाम्या आकाशातलं शिखर

काल कपाट आवरताना प्रोजेक्टरवर ठेवायची एक जुनी ट्रान्सपरन्सी, म्हणजे आलेख छापलेली पारदर्शक फिल्म, सापडली आणि झेरॉक्सच्या शाईचा तो उग्र वास पुन्हा नाकात शिरला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या एका कॉलेजात मी उपग्रहावरच्या इन्फ्रारेड इंटरफेरोमीटरने मोजलेले हवेचे स्पेक्ट्रम, म्हणजे कुठला वायू आहे ते सांगणारे आलेख, तपासायचे. त्यातलं एक टोकदार शिखर म्हणजे नवा वायू, असं माझ्या सरांनी ठरवूनच टाकलं होतं. मी म्हणाले, "सर, ही यंत्राचीच थरथर वाटते." माझ्या गावावरून सगळ्यांदेखत ते हसले, "कांदे निवडायला सटाण्यालाच राहायचं होतंस की!" यंत्राचा स्वतःचा दोष कळावा म्हणून उपग्रह चालवणारे तेच यंत्र अधूनमधून रिकाम्या, काळ्या आकाशाकडे वळवत. तिथे वायू नसतोच. मी तो आलेख काढला, तर शिखर तिथेही हजर! पंचवटीतल्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची सरांच्या आलेखाच्याच मापाची ट्रान्सपरन्सी करून घेतली आणि आठ दिवस चकार शब्द काढला नाही. सेमिनारमध्ये सर प्रोजेक्टरवर आपला नवा वायू दाखवत होते आणि पुण्याचे पाहुणे माना डोलावत होते, तेव्हा मी उठले आणि सरांच्या आलेखावर माझा आलेख ठेवला. शिखरावर शिखर तंतोतंत बसलं. "हा कुठला?" एका पाहुण्यांनी विचारलं. "रिकाम्या आकाशाचा." पाहुण्यांनी सरांकडे वळून पाहिलं. सर घाम पुसत पुटपुटले, "आधी सांगायचंस ना." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सांगितलं होतं, सर. तुम्ही कांदे निवडायला पाठवलंत." सर गेल्या वर्षी वारले. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी ट्रान्सपरन्सीवरची धूळ पुसली आणि नव्या पाकिटात घालून जपून ठेवली.