फोडणीचं तेल डोक्याला

अमुक तेलाने केस वाढतात, तमुक तेलाने डोकं थंड राहतं, असं कुणी सांगायला लागलं की माझं टाळकं सरकतं. नात्यातल्या पोरी मुद्दाम विचारतात, "मावशी, एरंडेल चांगलं का खोबरेल?" मी म्हणते, आधी जेवलीस का ते सांग. त्या हसतात. मी विनोद केलेला नसतो.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही वाटूरजवळच्या एका खेड्यात राहत होतो. वडील वारले होते. घरात तिघीच: माय, सतरा वर्षांची अक्का आणि दहा वर्षांची मी. माय आणि अक्का दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जायच्या. मी मुदतीच्या तापातून नुकतीच उठले होते, म्हणून मला काम नव्हतं. दुपारी त्यांची भाकरी पोचवायची एवढंच. भाकरी रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, गार झाली की दातांना दाद न देणारी.

अक्काचं लग्न जमत आलं होतं. आष्टीकडच्या एका बाईने तिला कुणाच्या तरी लग्नात पाहिलं आणि मुलासाठी मागणी घातली. मुलगा कापसाच्या जिनात कामाला, घरात दोन्ही वेळा चूल पेटणारी. अक्का दिसायला चारचौघींसारखीच, पण वेणी मांडीपर्यंत, मनगटाएवढी जाड. त्या बाईने वेणी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "उन्हाळा लागला की पक्कं कराया येतो." सगळी पसंती त्या वेणीवर होती. एक लेक तरी भुकेतून सुटणार म्हणून माय हुरळून गेली होती.

आणि अक्काचे केस गळायला लागले. आधी फणीत, मग उशीवर, मग नुसता हात फिरवला तरी बोटांत. कपाळावरचे तांबूस होऊन तुटायचे. माय घाबरली. टँकरचं पाणी सांडून जिथे ओल राहायची तिथे माका उगवला होता. तो तिने खुडून आणला, वाटला आणि करडीच्या तेलात काळा होईपर्यंत उकळला. घरात तेल होतं ते तेवढंच, फोडणीचं. त्या दिवसापासून आमच्याकडे फोडणीचा आवाज बंद झाला. पिठलं म्हणजे पाण्यात शिजवलेलं पीठ आणि मीठ.

रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर माय उंबऱ्यात बसायची, अक्का तिच्या पायांशी. माय बोटांनी तेल मुरवायची, कानामागून, भांगातून, सावकाश. गळालेले केस गोळा करून गाडग्यात ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मला त्या तेलाचा भयंकर हेवा वाटायचा. एकदा मी तेलाच्या वाटीच्या कडेचं तेल बोटाने पुसून चाटलं. कडूजहर होतं, तरी चाटलं.

आता माझं सांगते. कामावर मजुरांना सुखडी मिळायची, भाजलेल्या पिठाची आणि गुळाची वडी. माय तिच्या वाट्याची पदरात बांधून घरी आणायची आणि तिघींत वाटायची. अक्काची मात्र मीच खायचे. भाकरी घेऊन गेले की ती मला खडीच्या ढिगामागे न्यायची आणि वडी हातावर ठेवायची. "जल्दी खा. मुकादम बघून राह्यला." मी खायचे. रोज. एकदाही तोंडातून निघालं नाही, की अक्का, तू?

एक दिवस देवीची लस टोचायला नर्सबाई कामावर आल्या. मायने अक्काला पुढे केलं आणि डोक्यावरचा पदर काढून दाखवला. नर्सबाईंनी डोकं नीट बघितलंसुद्धा नाही. त्यांनी अक्काच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली.

"तेल लावून काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "हिच्या पोटात काय जातं?"

"समदं खाते," अक्का म्हणाली. "सुखडीबी खाते."

माझी बोटं तेव्हा गुळाने चिकट होती. मी ती परकराला पुसली. त्या संध्याकाळी मायने रोजच्यापेक्षा जास्त तेल ओतलं. मला वाटलं, ही बाई अगदीच अडाणी आहे.

पाहुणे यायच्या आधी मायने गाडग्यातले केस काढले, धुतले, विंचरले आणि त्यांचं गंगावन वळलं. ते अक्काच्या उरलेल्या शेपटीत इतकं बेमालूम गुंफलं, की मलाही क्षणभर जुनी वेणी परत आल्यासारखं वाटलं. आष्टीच्या बाईने चहा पिऊन झाल्यावर वेणी हातात घेतली आणि हलकेच ओढली. गंगावन तिच्या हातात आलं.

"परके न्हाईत हो ते," माय हात जोडून म्हणाली. "तिचेच केस हायेत. बिलकुल तिचेच."

बाईने ते आमच्या वाकळेवर ठेवलं आणि उठली. अक्का मान खाली घालून बसली होती. सगळ्यांना तिची टाळू दिसत होती.

पुढच्या साली पाऊस बरा झाला, ज्वारी आली, आणि तेलाचं बोटही न लावता अक्काचे केस परत आले. पण तोवर तिला जालन्याला, मस्तगडातल्या एका बिजवराला देऊन झालं होतं. त्याला दोन लेकरं होती आणि तो हात उचलायचा. पहिल्यांदा माहेरी येऊन ती परत गेली, तेव्हा तिच्या दंडावरचे वळ पाहून मला राहवलं नाही. मी मायला सगळं सांगून टाकलं: सुखडी मी खाल्ली, तिचं लग्न मी मोडलं, मार मला.

माय दाळ निवडत होती. ती थांबली नाही.

"म्याच सांगितलं व्हतं तिला," ती म्हणाली. "तापानं तुझी नुस्ती काडी झाल्ती. तू राहतीस का जातीस, काय भरोसा नव्हता. मंग तिला म्हणलं, तुझी सुखडी हिला देत जाय."

मला आधी कळेचना. मग राग आला. "मंग तेल कशाला लावत व्हतीस? नर्सबाईनं सांगितल्यावरबी?"

"तिच्या तोंडातलं काढून घेतलं म्या. तिला दुसरं काय देणार व्हते?"

मी विचारलं, "अक्काला म्हाईत व्हतं का, तेलानं काय व्हत न्हाई ते?"

"तिला समदं म्हाईत व्हतं," माय म्हणाली. "तरी रोज डोकं पुढं करून बसायची. माह्यासाठी."